लॅपटॉपमधील हार्ड डिस्क धक्क्यांपासून कशी जपावी

लॅपटॉप टेबलावरून खाली पडला की हार्ड डिस्क गेली असे बहुतेक जण गृहीत धरतात, आणि तो पडला नाही म्हणजे डिस्कला काही झाले नाही असेही तितक्याच सहजपणे मानतात. यांतली दुसरी समजूत अधिक महागात पडते. चालू लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलणे, तो कडप्प्याच्या ओट्यावर खाडकन ठेवणे, झाकण मिटताच क्षणार्धात बॅगेत कोंबून बॅग जमिनीवर टाकणे, अशा धक्क्यांची आपण मनात नोंदही करत नाही. डिस्कच्या दृष्टीने मात्र ते पडण्याइतकेच गंभीर ठरू शकतात. याउलट पूर्णपणे बंद केलेला आणि चांगल्या बॅगेत ठेवलेला लॅपटॉप खुर्चीवरून घसरला तरी डिस्क शाबूत राहण्याची शक्यता बरीच असते. म्हणून डिस्क जपताना आधी दोन प्रश्न विचारावेत: धक्का बसेल त्या क्षणी डिस्क फिरत असेल का, आणि आदळताना ती किती अंतरात थांबेल? किती उंचीवरून पडेल, हा प्रश्न त्यानंतरचा.

त्याही आधी आपल्या लॅपटॉपमध्ये फिरणारी डिस्क आहे की नाही, हे पाहून घ्यावे. विंडोजमध्ये डिस्क डीफ्रॅगमेंट करण्याच्या खिडकीत प्रत्येक ड्राइव्हसमोर ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ किंवा ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ (म्हणजे एसएसडी, हलणारा भाग नसलेली) असे लिहिलेले असते. अनेक लॅपटॉपमध्ये दोन्ही असतात: विंडोज छोट्या एसएसडीवर आणि फोटो, व्हिडिओ, कार्यालयीन कागदपत्रे एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर. अशा लॅपटॉपचा मालक ‘माझ्याकडे एसएसडी आहे’ म्हणून निश्चिंत असतो, आणि त्याचा सगळा मौल्यवान साठा नेमका नाजूक भागावर असतो.

आत काय घडते

लॅपटॉपमध्ये बसणारी डिस्क २.५ इंची असते. तिच्यातील चकत्या बहुधा काचेच्या असून त्यांवर अतिशय पातळ चुंबकीय लेप असतो, आणि त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कमध्येसुद्धा चकतीची बाहेरची कड ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने सरकत असते. माहिती वाचणारे आणि लिहिणारे हेड चकतीला टेकत नाही. चकतीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर ते अवघ्या काही नॅनोमीटरचे अंतर राखून तरंगते. जोराचा धक्का बसला की हे अंतर संपते, हेड चकतीवर आपटते आणि लेप खरवडला जातो. खरवडलेली भुकटी त्या बंद पेटीतच फिरत राहते आणि पुन्हा पुन्हा हेडखाली येऊन नवे ओरखडे पाडते. धक्क्यानंतर काही आठवडे डिस्क नीट चालते आणि मग अचानक फाइली उघडेनाशा होतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

डिस्क थांबताना हेड चकतीवरून पूर्णपणे बाजूला घेतले जाते आणि कडेच्या छोट्या प्लॅस्टिकच्या रॅम्पवर चढवून ठेवले जाते. यालाच हेड पार्क होणे म्हणतात. हेड पार्क झाल्याने किती फरक पडतो, हे उत्पादकांच्या तांत्रिक पत्रकांवरून दिसते. २.५ इंची डिस्क चालू असताना साधारण ३५० ते ४०० जी इतका, तर बंद असताना सुमारे १,००० जी इतका क्षणिक धक्का सहन करू शकेल, असे त्यांत नमूद केलेले असते. येथे एक जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतके त्वरण, आणि क्षणिक म्हणजे एक-दोन मिलिसेकंदांचा. म्हणजेच कोणताही खर्च न करता, केवळ डिस्क थांबवून, तिची सहनशक्ती सुमारे अडीचपट होते.

आता ४०० जी हा आकडा प्रचंड वाटतो; पण हिशेब मांडला की तो तसा राहत नाही. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, इतके सरळ ते गणित आहे. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून पडलेली वस्तू फरशीवर दोन मिलिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी धक्का ३७५ जी होतो. तीच वस्तू एक सेंटिमीटर दबणाऱ्या फोमवर पडली, तर तो ७५ जी इतकाच राहतो. क्षेत्ररक्षक झेल घेताना हात मागे नेतो तो याच कारणासाठी. हा हिशेब सरासरीचा असून प्रत्यक्षातला सर्वोच्च धक्का याहून बराच मोठा असू शकतो, त्यामुळे पत्रकातील आकड्याच्या जवळ जाण्याचीही जोखीम घेऊ नये.

हलवण्यापूर्वी डिस्क थांबवावी

लॅपटॉप उचलण्यापूर्वी डिस्क थांबलेली असावी, ही एक सवय लागली तरी बाकीच्या उपायांची अर्धी गरज संपते. झाकण मिटल्यावर लॅपटॉप स्लीपमध्ये जातो. मात्र तो त्या क्षणीच जात नाही. आधी उघड्या फाइलींची कामे आटोपतात, मग हेड पार्क होते आणि त्यानंतर चकत्या थांबतात. त्यामुळे झाकण मिटल्यावर दहापर्यंत अंक मोजावेत, स्लीपचा दिवा संथपणे लुकलुकू लागला आहे याची खात्री करावी आणि मगच लॅपटॉपला हात लावावा. बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्क कीबोर्डच्या पुढच्या भागात, डाव्या किंवा उजव्या तळहाताखाली असते. शांत खोलीत त्या जागी तळहात टेकवला तर अगदी बारीक थरथर जाणवते, आणि डिस्क थांबताना ती विरत गेलेलीही कळते. एकदा ही जागा ओळखीची झाली की दिव्याकडे पाहण्याचीही गरज उरत नाही.

येथे दोन अडचणी येतात. कार्यालयात मोठा मॉनिटर जोडून काम करणारे लोक ‘झाकण मिटल्यावर काहीही करू नये’ अशी सेटिंग करून ठेवतात. असा लॅपटॉप झाकण मिटून बॅगेत गेला तरी आत डिस्क फिरत राहते, शिवाय तो तापतो ते वेगळेच. ही सेटिंग फक्त चार्जर जोडलेला असतानापुरती ठेवावी आणि बॅटरीवर असताना झाकण मिटले की स्लीप, अशी व्यवस्था करावी. दुसरी अडचण नव्या लॅपटॉपची आहे. त्यांतले काही स्लीपमध्ये असतानाही अपडेटसाठी मध्येच जागे होतात, त्यामुळे प्रवासाला निघताना स्लीपवर विसंबू नये; शट डाउन किंवा हायबरनेट करावे. हायबरनेट करताना मेमरीतला सगळा मजकूर डिस्कवर लिहिला जातो, म्हणजे पडदा काळा झाल्यानंतरही काही सेकंद डिस्क जोरात काम करत असते. घाईत नेमका तेव्हाच लॅपटॉप उचलला जातो, म्हणून पॉवरचा दिवा विझेपर्यंत थांबावे.

एसएसडी आणि हार्ड डिस्क असे दोन्ही असलेल्या लॅपटॉपमध्ये आणखी एक सोय करता येते. पॉवर ऑप्शन्समध्ये ठरावीक वेळाने हार्ड डिस्क बंद करण्याची सेटिंग असते, ती पाच ते दहा मिनिटांवर आणावी. विंडोज एसएसडीवरून चालत असल्याने साठवणीची डिस्क दिवसाचा बराच काळ थांबलेलीच राहील. हा काळ एक-दोन मिनिटांवर आणण्याचा मोह मात्र टाळावा, कारण हेड पार्क करण्याच्या फेऱ्यांनाही मर्यादा असते (बहुतेक डिस्कसाठी ती ३ ते ६ लाख असते) आणि सतत थांबून सुरू होण्याने मोटरही झिजते.

थांबण्यासाठी अंतर द्यावे

लॅपटॉपच्या तळाला असलेल्या चार रबरी पायांकडे कोणी लक्ष देत नाही. दोन वर्षांत त्यांतला एखादा गोंद सुटून निघून जातो, आणि लॅपटॉप थोडा डुगडुगतो म्हणून खाली घडी केलेला कागद ठेवला जातो. वरचे गणित येथे लावून पाहावे. एक कड तीन सेंटिमीटर उचलून सोडली आणि रबरी पाय एक मिलिमीटर दबला, तर सरासरी धक्का सुमारे ३० जी होतो. पाय नसेल आणि कडक प्लॅस्टिक थेट ग्रॅनाइटवर आपटून एक दशांश मिलिमीटरमध्ये थांबले, तर तोच धक्का ३०० जीच्या घरात जातो, आणि तोही लॅपटॉप चालू असताना. हार्डवेअरच्या दुकानात खुर्च्यांच्या पायांना लावायच्या चिकट रबरी गोळ्या मिळतात. मूळ पायांइतक्याच उंचीच्या निवडून त्या बसवाव्यात. लॅपटॉप जपण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच महाग वस्तूंपेक्षा हा किरकोळ उपाय मला अधिक मोलाचा वाटतो. ओटा किंवा टेबल दगडी असेल तर खाली जाड सुती कापड किंवा कॉर्कची चटई अंथरावी, मात्र हवा आत घेण्याच्या झडपा झाकल्या जाणार नाहीत हे पाहावे.

बॅग निवडताना बाहेरचे अस्तर किती जाड आहे हे पाहण्यापेक्षा लॅपटॉपचा कप्पा खाली कुठे संपतो हे पाहावे. अनेक बॅगांमध्ये तो थेट तळाच्या शिवणीपर्यंत जातो. परिणामी बॅग खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवली की लॅपटॉपची कड आणि फरशी यांच्यामध्ये केवळ कापडाचा एक पदर उरतो, आणि हे दिवसातून अनेकदा घडते. कप्प्यात हात घालून तळाशी बोटे दाबावीत. खालची जमीन बोटांना कडक लागली तर ती बॅग आहे तशी वापरू नये. चांगल्या बॅगेत कप्पा तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर अधांतरी शिवलेला असतो. तसा नसेल तर ईव्हीए फोमचा किंवा जुन्या योगा मॅटचा दोन सेंटिमीटर जाडीचा पट्टा कापून तळाशी बसवावा. गादीतला मऊ स्पंज येथे उपयोगाचा नाही, कारण लॅपटॉपच्या वजनानेच तो पूर्ण दबतो आणि धक्क्याच्या वेळी दबायला काहीच उरत नाही. थर्माकोल पहिल्याच धक्क्यात चुरडतो आणि दुसऱ्यासाठी निकामी होतो. लॅपटॉप कडेवर उभा ठेवला असता जो फोम किंचितच दबतो, तो योग्य समजावा. चार्जरचा जड ठोकळा लॅपटॉपच्या कप्प्यात कधीही ठेवू नये.

दुचाकीवरून जाताना बॅग पाठीवर घ्यावी; स्कूटरच्या पायापाशी ठेवलेल्या बॅगेला प्रत्येक खड्ड्याचा आणि गतिरोधकाचा धक्का थेट पोहोचतो, तर पाठीवरच्या बॅगेचा धक्का आधी आपले शरीर झेलते. लोकलमध्ये रॅकवर बॅग ठेवल्यास तिच्यावर कोण काय फेकेल याचा नेम नसतो, म्हणून गर्दीत ती पुढे छातीशी धरलेली बरी. रिक्षात, एसटीत किंवा रेल्वेत चालू लॅपटॉपवर काम करणे शक्यतो टाळावे. करावेच लागले तर रेल्वेच्या चेअर कारमधल्या पुढच्या आसनाला जोडलेल्या फळीपेक्षा मांडी अधिक सुरक्षित आहे, कारण पुढचा प्रवासी पाठ टेकवतो तेव्हा ती फळी जोराने हादरते आणि तो हादरा लॅपटॉपला पूर्ण पोहोचतो.

घरात लॅपटॉप पडण्याचे एक मोठे कारण म्हणजे चार्जरची वायर. भिंतीतल्या बोर्डापासून टेबलापर्यंत अधांतरी ताणलेल्या वायरीत कोणाचा तरी पाय अडकतो आणि लॅपटॉप ओढला जातो. वायर टेबलाच्या पायाला बांधून, जमिनीलगत आणि भिंतीच्या कडेने न्यावी, म्हणजे ओढ बसलीच तरी ती टेबलाला बसेल.

पडण्याची चाहूल घेणारे सेन्सर

आयबीएमने २००३ साली थिंकपॅडमध्ये त्वरणमापक बसवून, लॅपटॉप असामान्यपणे हलू लागताच हेड पार्क करण्याची सोय आणली. ॲपलने २००५ मध्ये पॉवरबुकमध्ये तसाच सेन्सर दिला, आणि पुढे एचपी, डेल, तोशिबा यांच्या अनेक लॅपटॉपमध्येही ही सोय आली. ही यंत्रणा उपयुक्त आहे, पण तिच्या मर्यादा ओळखून वापरावी. पाऊण मीटरवरून खाली येण्यास वस्तूला सुमारे ०.३९ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पडणे ओळखून हेड मागे घेता येते. दहा सेंटिमीटरचे अंतर मात्र ०.१४ सेकंदात संपते, आणि एक कड टेकलेली असताना दुसरी आपटली तर त्याला मुक्तपणे पडणे म्हणताच येत नाही. म्हणजे आधी सांगितलेल्या रोजच्या लहान धक्क्यांपासून हा सेन्सर फारसे संरक्षण देत नाही.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. काही लॅपटॉपमध्ये हे काम डिस्कमध्येच होते, पण पुष्कळांमध्ये त्यासाठी कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. विंडोज नव्याने टाकल्यावर ते पुन्हा बसवले नाही तर सेन्सर जागच्या जागी असूनही निरुपयोगी राहतो. लॅपटॉपच्या मॉडेलनुसार कंपनीच्या संकेतस्थळावरून ते घ्यावे. प्रवासात गाणी अडखळतात म्हणून ही सोय बंद करून टाकणारेही असतात. अडखळणे म्हणजे ती नीट काम करत असल्याची खूण आहे.

बाहेरून जोडायची डिस्क

यूएसबीने जोडायच्या छोट्या डिस्कमध्ये आत तीच २.५ इंची हार्ड डिस्क असते, पण लॅपटॉपचे वजन, रबरी पाय आणि सेन्सर यांपैकी काहीही तिला सहसा नसते. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांपासून प्रबंध लिहिणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची आयुष्यभराची सामग्री अशा डिस्कवर असते आणि ती लॅपटॉपच्या कडेला वायरीने लोंबकळत असते. ती टेबलावर आडवीच ठेवावी. उभी ठेवलेली डिस्क वायरीच्या नुसत्या हिसक्याने कलंडते, आणि चालू असताना कडक पृष्ठभागावर आठ सेंटिमीटरवरून आडवे होणेही तिला जड जाऊ शकते. काम संपल्यावर ‘सेफली रिमूव्ह’ करून दहा-पंधरा सेकंद तिला तिथेच राहू द्यावे आणि बोट लावून थरथर थांबल्याची खात्री झाल्यावरच उचलावे. रबरी आवरण असलेल्या डिस्कवर लष्करी मानकांनुसार पडण्याची चाचणी केल्याचा उल्लेख असतो. त्या चाचणीचा संबंध वाहतुकीतल्या, म्हणजे बंद असतानाच्या पडझडीशी असतो, हे लक्षात ठेवून त्या दाव्यावर चालू डिस्कचा भरवसा ठेवू नये.

दुरुस्ती आणि बदल

दुरुस्तीनंतर लॅपटॉप परत घेताना डिस्कची बैठक पाहून घ्यावी. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कच्या दोन्ही बाजूंना रबरी पट्ट्या किंवा धातूचा कॅडी (डिस्क धरून ठेवणारी चौकट) असतो, आणि डिस्क बदलताना ते भाग दुकानातच राहून जातात. ९.५ मिलिमीटर जाडीच्या जागेत ७ मिलिमीटरची डिस्क बसवली आणि मधले अंतर भरले नाही, तर ती आत खुळखुळते आणि प्रत्येक धक्का दुहेरी बसतो. फटीत फोमचा पातळ तुकडा बसवता येतो, फक्त डिस्कवरचे हवेचे बारीक छिद्र झाकले जाता कामा नये; त्याच्या शेजारी तशी सूचना छापलेली असते.

ज्यांना रोज लॅपटॉप घेऊन फिरावे लागते, त्यांनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी हेच माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात हलणारा भागच नसल्याने तिच्या पत्रकात साधारण १,५०० जीचा आकडा असतो आणि चालू-बंद असा भेद उरत नाही. जुनी डिस्क घरी, कपाटात, दुसरी प्रत ठेवण्यासाठी वापरता येते. एसएसडी इलेक्ट्रॉनिक बिघाडाने गेली तर तिच्यातली माहिती परत मिळवणे बरेचदा हार्ड डिस्कपेक्षाही अवघड असते, त्यामुळे प्रत ठेवण्याच्या कामातून एसएसडीवाल्यांचीही सुटका नाही.

पडलाच तर

लॅपटॉप चालू असताना पडला, तर तो ‘चालतो का ते पाहू’ म्हणून काम पुढे सुरू ठेवू नये. पॉवरचे बटण दाबून धरून तो बंद करावा. पुन्हा सुरू करण्याआधी कोणती माहिती दुसरीकडे नाही ते आठवून तिचा क्रम ठरवावा आणि प्रत घेण्यासाठी वेगळी डिस्क हाताशी ठेवावी. सुरू केल्यावर टक्-टक् असा ठरावीक लयीतला आवाज, घासल्यासारखा आवाज किंवा डिस्क फिरण्याऐवजी बारीक बीप-बीप आली, तर त्याच क्षणी बंद करावे. बीप अनेकदा हेड चकतीला चिकटल्याने मोटर अडल्याची खूण असते, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक नुकसान वाढत जाते. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवणे, टेबलावर ठोकणे किंवा घरी उघडून पाहणे हे तिन्ही उपाय निषिद्ध समजावेत.

आवाज नेहमीसारखा असेल तर ठरवलेल्या क्रमाने आधी फाइली उतरवून घ्याव्यात, तपासण्या नंतर कराव्यात. विंडोज आपणहून डिस्क दुरुस्त करण्याचा प्रस्ताव ठेवते. प्रत पूर्ण होईपर्यंत तो नाकारावा, कारण त्या दुरुस्तीत डिस्कवर लिहिले जाते आणि जखमी भागावर हेड वारंवार फिरते. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅमने डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहावी. पाचव्या क्रमांकाची नोंद बदललेल्या सेक्टरांची (म्हणजे खराब झाल्याने ज्यांच्याऐवजी राखीव जागा वापरली, अशा चकतीवरच्या छोट्या कप्प्यांची) आणि १९७ क्रमांकाची प्रलंबित, म्हणजे नीट वाचता न आलेल्या सेक्टरांची असते. १९१ क्रमांकाची, काही डिस्कमध्येच असणारी नोंद बसलेल्या धक्क्यांची असते. पहिल्या दोन्हींचे मूळ आकडे शून्य असायला हवेत. ते आकडे आठवडाभराने पुन्हा पाहावेत, आणि वाढत असतील तर ती डिस्क कोणत्याही कामासाठी ठेवू नये.

माहिती अमूल्य असेल आणि डिस्क आवाज करत असेल, तर ती डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत पाठवावी. तेथे डिस्क उघडण्यासाठी धूळविरहित कक्ष आहे का आणि माहिती न मिळाल्यास किती शुल्क लागेल, हे आधी लेखी विचारून घ्यावे. कुरिअरने पाठवताना डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून सर्व बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर फोम येईल अशा खोक्यात बसवावी, आणि खोके हलवले असता आत काही सरकत नाही हे पाहूनच ते चिकटपट्टीने बंद करावे. वर्तमानपत्राचे बोळे वाटेतच चेपतात, त्यामुळे फोमऐवजी ते भरू नयेत.